तेविसावा लाल

"हा माझा रंग आहे," मी म्हणाले.

खरं तर मनात म्हणायचं होतं. पण दुपारची वेळ, दालनात शुकशुकाट, आणि माझा आवाज मुळात काउंटरवरून रस्त्यापलीकडे पोचायला तयार झालेला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मान वळवली. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात एक छोटं भिंग. माझ्याकडे बघून तो हसला.

"मलाही पहिल्यांदा बघितला तेव्हा असंच वाटलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आपलाच वाटतो, नाही? लहानपणापासून ओळखीचा असल्यासारखा."

"वाटत नाही हो. मी केलाय."

त्याचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

समोरचं चित्र सात फुटांचं होतं. एक रिकामी खोली, एक खुर्ची, आणि खोलीच्या मागच्या भिंतीवर पसरलेला लाल. या प्रदर्शनासाठी म्हणे तीनशे चित्रं आली होती, परीक्षकांनी त्यातली साठ निवडली, आणि रंगाच्या वापराचं पहिलं पारितोषिक या चित्राला दिलं. वर्तमानपत्रात फोटो बघितला तेव्हाच मी तो लाल ओळखला. आपल्या हातची भाजी दुसऱ्याच्या ताटात ओळखू यावी तसा. मामांना म्हटलं, दोन तास दुकान सांभाळा, मी बघून येते. इस्त्रीचा कुर्ता घातला, कानातले घातले. इतकी खूश होऊन मी तिथे गेले होते.

आणि मग चित्राशेजारचं कार्ड वाचलं.

"यातील लाल रंग चित्रकाराने तीन वर्षांच्या एकांत शोधातून स्वतः घडवला आहे. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही."

कोणत्याही दुकानात मिळत नाही. आमच्या दुकानात डाव्या हाताच्या फळीवर त्याचा अर्धा डबा उरलेला होता.

"तीन वर्षं नाही, सात महिने," मी त्या उंच माणसाला सांगितलं. आता आवाज खाली ठेवायची काही गरजच उरली नव्हती. "आणि एकांत कसला? मी, माझे मामा, आणि बाहेर भरलेला रस्ता. हे गृहस्थ दर शनिवारी यायचे. 'बाळ, अजून थोडा मऊ. बाळ, अजून थोडा खोल.' तेवीस वेळा मी तो रंग केला. बावीस वेळा त्यांनी मान हलवली. हे कार्ड कोणत्या शहाण्याने लिहिलंय?"

 खिशातलं भिंग त्याने काढलं, पुसलं, परत ठेवलं.

"वाक्य जरा... जास्त झालंय, असं म्हणताय का तुम्ही?"

"खोटं झालंय, असं म्हणतेय."

"चित्रकारांनी तशी माहिती दिली होती," तो म्हणाला. "मी फक्त... वाक्य लिहिलं."

मी त्याच्याकडे वळले. तेव्हा दिसलं, शर्टाच्या आत लपवलेली ती निळी फीत, आणि तिच्या टोकाला ओळखपत्र. परीक्षक.

"तुम्ही?"

"तिघांमधला सगळ्यात धाकटा," तो म्हणाला, जणू त्यामुळे अपराध थोडा कमी होणार होता. "एरवी मी संग्रहालयात असतो. जुनी चित्रं दुरुस्त करतो."

"मग आधी हे कार्ड दुरुस्त करा," मी म्हणाले आणि निघाले. दाराशी पोचले तर पाठीमागून पावलं.

"एक मिनिट. त्या लालमध्ये... हिरवा आहे का?"

मी थांबले. हे कोणीच ओळखलं नव्हतं. मामांनीही नाही.

"कशावरून?"

"कडेला, जिथे रंग पातळ झालाय, तिथे काहीतरी आहे. तीन दिवस बघतोय. कळत नाही."

"कळणारही नाही," मी म्हणाले. "तो कोणत्याही दुकानात मिळत नाही ना."

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो आमच्या काउंटरसमोर उभा होता.

आमचं दुकान म्हणजे पुढे डबे, मागे डबे आणि मधे आम्ही. रंग मिसळायचं मशीन आहे, नाही असं नाही. शेडकार्डवरचा आकडा दाबला की ते बरोबर तेवढे थेंब टाकतं. पण लोक शेडकार्ड घेऊन येत नाहीत. लोक तुटलेली कपबशी घेऊन येतात, आजोबांच्या पेटीचा टवका घेऊन येतात, आणि म्हणतात, असा द्या. तिथे मशीन गप्प बसतं आणि मी उठते. बारा वर्षं मी हेच करतेय. शाळा सुटल्यावर मामांच्या दुकानात येऊन बसायची, तिथपासून धरलं तर वीस.

"मला खिडकीसाठी रंग हवाय," तो म्हणाला.

"कोणता?"

"तुम्ही सुचवाल तो."

"खिडकी लाकडाची की लोखंडाची?"

तो गडबडला. "बघावं लागेल," म्हणाला.

मामांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि विनाकारण आत जाऊन डबे मोजायला लागले.

"मला खात्री करून घ्यायचीय," तो मग सरळ म्हणाला. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी लिहिलेलं वाक्य चुकीचं असेल तर ते किती चुकीचं आहे, हे मला बघायचंय."

हे बोलणं मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी चिडून म्हणाले, "या मग."

मागच्या खोलीचं दार आमच्याकडे कधीकाळी पांढरं होतं. केलेल्या रंगाचा नमुना मी त्याच्यावर लावते, कारण कागदाचे तुकडे मामा टाकून देतात आणि दार टाकून देता येत नाही. माझ्या खांद्यापासून खाली गुडघ्यापर्यंत तेवीस लाल पट्टे होते. प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने तारीख.

तो दारासमोर उभा राहिला. मग वाकला, मग चक्क फरशीवर बसला. भिंग काढून एकेका पट्ट्याजवळ नेत होता. पहिले पट्टे सगळे ओरडणारे, मधले मातकट, मग हळूहळू काहीतरी उजळत गेलेलं... शेवटच्यापाशी तो इतका वेळ थांबला की मी पायाने डबा सरकवून आवाज केला.

"बावीस आणि तेवीसच्या मधे काय झालं?" त्याने वर न बघता विचारलं.

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. म्हणून असेल, मी सांगून टाकलं.

"त्यांना तो रंग हवा होता, जो डोळे मिटून उन्हाकडे तोंड केल्यावर पापण्यांच्या आत दिसतो. तेवढं त्यांचं. ते मी कबूल करते. पण तो डब्यात कसा येणार, हे त्यांना माहीत नव्हतं. एका शनिवारी ते गेल्यावर मी बाहेर पायरीवर जाऊन डोळे मिटून उभी राहिले. बराच वेळ. आणि उघडले, तर सगळं जग क्षणभर हिरवट दिसलं. दुकानं, माणसं, सगळं. मग मला कळलं की त्या लालच्या पाठीमागे हिरवा उभा आहे. आत आले आणि हिरव्या स्टेनरचे, म्हणजे घट्ट रंगाचे, दोन थेंब टाकले. तिसरा टाकला असता तर चिखल झाला असता."

तो उठला, बाहेर गेला आणि पायरीवर उभा राहून डोळे मिटून घेतले.

सकाळचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. रस्त्यावरचे लोक वळून बघत जात होते. त्याला पत्ता नव्हता. मीही बघत होते... म्हणजे, डोळे मिटलेल्या माणसाकडे किती बघायचं याला काही हिशेब राहत नाही. त्याच्या भुवईत एक जुनी खोक होती. ओठ किंचित उघडे होते, एखादं गाणं ऐकत असल्यासारखे.

मग त्याने डोळे उघडले आणि पहिलं माझ्याकडेच बघितलं.

"हिरव्या दिसताय," तो म्हणाला.

"राग आला की मी तशीच दिसते."

"मग काल प्रदर्शनातही..." त्याने वाक्य सोडून दिलं, आणि माझे कान उगाचच गरम झाले.

त्याच्यासमोर मी तो रंग पुन्हा केला. काठीने ढवळला, बोटावर घेतला आणि बघायला त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला. ओला रंग खोटं बोलतो, सुकेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे दहा मिनिटं त्याचा हात माझ्या हातात राहिला. कामच तसं होतं.

"तोच आहे," तो शेवटी म्हणाला. "मी बोलतो परीक्षक मंडळाशी."

*

पुढचे दहा-बारा दिवस तो रोज यायचा. खिडकी लाकडाची निघाली. मग स्टूल निघालं, मग कुंड्या, मग टपालाची पेटी.

"त्याच्या घरात आता रंगवायला तो एकटाच उरला असेल," मामा म्हणाले.

मला हसू यायचं. आई जेवताना विचारायची, "काय गं, आज कोणाशी भांडलीस?" आणि मी 'कोणाशी नाही' म्हटलं की काळजीने कपाळाला हात लावून बघायची. खरंच मी त्या दिवसांत कोणाशी भांडले नाही. तो काउंटरला कोपर टेकून दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रांबद्दल सांगायचा. धुराच्या थराखालून एखाद्या बाईच्या गालाचा गुलाबी कसा सापडतो, तो गुलाबी मिसळणाऱ्या कारागिराचं नाव कसं कुठेच लिहिलेलं नसतं.

"मग तुम्हाला वाईट वाटतं?" मी विचारलं.

"फार."

"आणि मी तर अजून जिवंत आहे," मी म्हणाले. "मंडळ काय म्हणालं?"

"बोलणं चालू आहे," तो म्हणायचा. दर वेळी.

समारंभाला पाच दिवस उरले तेव्हा तो जरा उशिरा आला. हातात काही नव्हतं आणि त्याने कसलाही रंग मागितला नाही.

"मार्ग निघालाय," तो म्हणाला. "मंडळाच्या अध्यक्षबाई तयार आहेत. समारंभ झाला की प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या पुढच्या छपाईत ते वाक्य गाळायचं. कार्डही तेव्हा बदलेल. कोणाचाही अपमान न होता. हळूच."

"हळूच," मी म्हणाले.

"आत्ता काही केलं तर प्रदर्शनावरच डाग येईल, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या माझ्या संग्रहालयाच्याही प्रमुख आहेत. मला शिकवलं त्यांनी."

"तुम्ही त्यांना दार दाखवलंत?"

त्याने काउंटरवरचं शेडकार्ड सरळ केलं.

"फोटो?"

"मी म्हणालो की..." त्याने माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं. "की अशी एक शक्यता आहे."

मी हातातली काठी खाली ठेवली. मला वाटतं, खूप हळू ठेवली, कारण मामा लगेच आतून बाहेर आले.

"मी शक्यता आहे?" मी म्हणाले. "फरशीवर बसून तुम्ही तेवीस पट्टे मोजलेत. माझ्या हातात हात देऊन रंग सुकेपर्यंत थांबलात. आणि तिकडे जाऊन सांगितलंत की एक शक्यता आहे?"

"मला थोडा वेळ द्या..."

"त्या जुन्या कारागिराबद्दल तुम्हाला वाईट वाटतं, कारण तो मेलाय. त्याच्यासाठी कोणासमोर उभं राहावं लागत नाही. किती सोयीचं आहे हो तुमचं वाईट वाटणं."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. तो पायरी उतरून गेला, आणि मी त्या दुपारी एका गिऱ्हाइकाला चुकीचा पिवळा दिला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

*

चार दिवसांनी शनिवार होता. ते मोठे चित्रकार आले. पांढरी दाढी, स्वच्छ सदरा, नेहमीसारखे प्रसन्न.

"बाळ, तो आपला लाल. या वेळी मोठे चार डबे लागतील. एका सभागृहाची अख्खी भिंत करायचीय."

आपला लाल. मी फळीवरचा अर्धा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"कार्ड वाचलं मी," मी म्हणाले.

ते क्षणभरच अडखळले. मग हसले, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "अगं, ते लिहिणारे लिहितात काहीबाही. आणि हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. रंग दुकानात मिळतो. चित्र मिळतं का? ती खोली, ती खुर्ची, ती भिंत, ते कोणी केलं?"

"तुम्ही. ते छान आहे. मी तिथे उभी राहून बघितलं, मला रडू येईल इतकं छान आहे." खोटं कशाला बोलू? "पण पारितोषिक रंगाचं आहे. आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही, असं तुम्ही सांगितलंत. तर आता ते खरं करू या. इथे मिळणार नाही. दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे कुठे मिळणार?" ते पटकन म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांना ऐकू गेलं.

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणजे गिऱ्हाइकाला देव मानणारा माणूस. तुटका डबा परत आणला तरी 'या, बसा' म्हणणारा. ते पुढे आले, अर्ध्या डब्याचं झाकण उचललं, डब्यावर बसवलं आणि हातोडीने चारी बाजूंनी ठोकून बंद केलं.

"भाची म्हणतेय ना, नाही," मामा म्हणाले. "मग नाही."

चित्रकार गेले.  थोड्या वेळाने मामा मागच्या खोलीकडे गेले, दारापाशी उभे राहिले, बिजागऱ्यांना बोट लावून बघितलं.

"चार स्क्रू वरच्या बिजागरीला, चार खालच्या," ते म्हणाले. "समारंभ उद्याच आहे ना?"

*

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही दार टेम्पोतून कलादालनापाशी उतरवलं. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो लगेच गेला. दार जुन्या लाकडाचं, चांगलं जड. मी पुढे, मामा मागे. मनात मी सगळं ठरवलेलं होतं. सरळ मंचापर्यंत जायचं, दार उभं करायचं आणि म्हणायचं, मोजा.

पण प्रवेशाचं काचेचं दार अर्धंच उघडत होतं. दुसरी झडप अडकलेली. आमचं दार आडवं केलं तर भिंतीला लागे, उभं केलं तर चौकटीत बसेना. तिरकं घातलं आणि ते तसंच अडकलं. ना पुढे, ना मागे. मी आतल्या बाजूला, मामा बाहेर, मधे तेवीस लाल. पहारेकरी म्हणाला, "बाई, हे काय चित्र आहे का? चित्रांची मुदत संपली." संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आतून ध्वनिक्षेपकावर त्याचा आवाज आला.

परीक्षकांचं मत वाचायचं काम त्याच्याकडे होतं. लिहिलं त्यानेच होतं ना. तो वाचत होता, रिकामी खोली, खुर्ची, प्रकाश. आवाज सपाट. मी दार दोन्ही हातांनी आत ओढत होते. "यातील लाल रंग चित्रकाराने..." तो थांबला.

मीही ओढायची थांबले.

"हे वाक्य मी लिहिलंय," तो म्हणाला. "आणि ते खोटं आहे. हा लाल एका रंगाच्या दुकानात, एका बाईंनी, सात महिन्यांत तयार केला. त्यांनी केलेले तेवीस प्रयत्न मी माझ्या डोळ्यांनी बघितले आहेत, तारखांसकट. माझ्यासमोर त्यांनी तो पुन्हा करून दाखवला. हे मला सतरा दिवसांपासून माहीत आहे आणि मी ते शक्यता म्हणून सांगितलं, कारण मला भीती वाटली. हे चित्र फार चांगलं आहे. पण आपण रंगाचा सन्मान करतोय, आणि रंग करणारी व्यक्ती या सभागृहात नाही. तिला बोलावलंच नाही आपण."

सभागृहात सगळे कुजबुजायला लागले. अध्यक्षबाई काहीतरी बोलल्या. आणि मी, जिने रात्रभर भाषण तयार केलं होतं, ती दारात अडकून उभी.

"मी आहे," मी म्हणाले. माझा आवाज, सांगितलंच, रस्त्यापलीकडे पोचतो.

सगळ्या माना वळल्या. तो मंचावरून उतरला आणि खुर्च्यांच्या मधून जवळजवळ धावत आला. दार बघितलं, मला बघितलं. अडकलेल्या काचेच्या झडपेची खालची कडी त्याने गुडघ्यावर बसून उचकटली, आणि मग आमच्या दाराचं एक टोक धरलं.

"तुम्ही वरून उचला," तो म्हणाला. "मी खालून देतो."

आम्ही ते आत नेऊन त्या चित्राशेजारी भिंतीला टेकवलं.  मग पांढऱ्या दाढीचे चित्रकार पहिल्या रांगेतून उठले. ते दाराजवळ आले, चष्मा चढवला आणि वरून खाली एकेक पट्टा बघत गेले. खूप वेळ.

"नववा मी उगाच नाकारला," ते शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तीन वर्षं मी मनात शोधत होतो तो."

"मनातला तुमचा," मी म्हणाले. "डब्यातला माझा."

त्यांनी मान खाली घातली. काहीतरी म्हणायचं असावं, पण क्षमा मागायची सवय नसलेल्या माणसाला ते शब्द चटकन सापडत नाहीत. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

सात महिन्यांत पहिल्यांदा. मी सांगितलं. त्यांनी ते अध्यक्षबाईंना जाऊन सांगितलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि म्हणाले, कार्ड बदला, आजच. पारितोषिक त्यांच्याकडेच राहिलं. मला ते नकोच होतं. मला फक्त ते वाक्य नको होतं.

*

समारंभ संपला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टेम्पो नव्हता. मामांनी अचानक कंबर धरली.

"माझी पाठ काही हे दार परत नेऊ देणार नाही," ते म्हणाले. "मी पुढे होतो. तुम्ही दोघं आणा." आणि कंबर दुखणारा माणूस चालतो त्याच्या दुप्पट वेगाने ते निघून गेले.

मी पुढचं टोक धरलं, त्याने मागचं. दार आम्ही दोघांनी डोक्यावर आडवं घेतलं होतं, त्यामुळे मला तो दिसत नव्हता आणि त्याला मी. फक्त त्याची पावलं ऐकू येत होती, माझ्या पावलांशी जुळवून घेणारी. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन वाट देत होते.

"अध्यक्षबाई बोलल्या का तुमच्याशी?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"म्हणाल्या, उद्या दहा वाजता भेट."

"नोकरी जाईल?"

"माहीत नाही. जुनी चित्रं कुठेही दुरुस्त करता येतात."

पुढे वळण होतं. "डावीकडे," मी म्हणाले. तो वळला.

"मी अजून चिडलेली आहे," मी सांगितलं. "आज बोललात म्हणून ते सतरा दिवस पुसले जात नाहीत."

"नाही जात."

"असं पटकन कबूल करू नका. मला भांडता येत नाही."

 मागची पावलं मंदावली, म्हणून मलाही थांबावं लागलं.

"एक सांगायचंय," दाराच्या मागच्या टोकाकडून तो म्हणाला. "तोंडावर सांगायचं धैर्य झालं नसतं, म्हणून हे बरं आहे... मला खिडकीला रंग द्यायचाच नव्हता. स्टूल तर मी विकत आणलं. रंगवायला काहीतरी हवं म्हणून." तो थांबला. "मला रोज सकाळी तुमचा आवाज ऐकायचा असतो. चिडलेला असला तरी. म्हणजे... तो चिडलेलाच असतो, पण तरी. माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे मी शक्यता म्हणून सांगत नाहीये."

रस्त्यात मधोमध दार डोक्यावर घेऊन उभी राहिलेली बाई काय करू शकते? हात वर, डोळे पुसता येत नाहीत, वळून बघता येत नाही. पाठीमागून एका सायकलवाल्याने घंटी वाजवली.

"चला," मी म्हणाले. "लोकांना जाऊ द्या."

आम्ही चालत राहिलो. दुकान येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. दार मागच्या चौकटीला टेकवून ठेवलं, तेव्हा कुठे त्याचा चेहरा दिसला. कपाळावर घाम, केसांत लाकडाची धूळ, आणि डोळ्यांत इतकं साधं वाट बघणं की मला तिथल्या तिथे हरल्यासारखं झालं. पण मीही मीच.

"मी गुरुवारपर्यंत चिडणार आहे," मी म्हणाले. "शुक्रवारी या."

"शुक्रवारी," त्याने मान हलवली. "किती वाजता?"

"दुकान उघडतं तेव्हा."

सोमवारी मी चिडलेली होते. मंगळवारीही. बुधवारी मामा म्हणाले, सकाळपासून तू अकरा वेळा रस्त्याकडे बघितलंस. मी म्हटलं, ट्रक यायचाय. ट्रक यायचा नव्हता.

तो गुरुवारी आला. पायरीवरच उभा राहिला, वर चढला नाही.

"शुक्रवार उद्या आहे, माहितीय मला," तो म्हणाला. "नोकरी आहे अजून. बाईंनी तासभर झापलं आणि मग नवीन कार्डाचा मजकूर स्वतः तपासला. आज लावायचंय. म्हटलं, आधी तुम्ही बघावं. नावात काही चूक नको."

पाकिटातून त्याने कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. वर चित्रकारांचं नाव. खाली, 'लाल रंग तयार करणाऱ्या,' आणि माझं नाव. मी पट्टी काढली आणि दोन्ही नावांच्या अक्षरांची उंची मोजली. सारखीच होती. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. बरोबर होतं.

"झालं?" त्याने विचारलं. "मग मी जातो. उद्या येतो."

मामा आत डबे मोजायला गेले होते. रस्त्यावर अकराचं ऊन होतं. तो पायरी उतरायला वळला.

"कुठे चाललास?" मी म्हणाले. "आत ये."

तो वळता वळता थांबला. दोन्ही शब्द त्याने ऐकले होते, 'चाललास' आणि 'ये', आणि कानापर्यंत लाल झाला. तो लाल मला कधी करता येईल असं वाटत नाही.

"येतो," तो म्हणाला, आणि मग, जपून, पहिल्यांदाच, "तू म्हणतेस तर."